तुलनात्मक तक्ता

तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय टाचण्यांची डबीसुद्धा घ्यायची नाही, या संस्कारात मुरलेली माणसं आपल्याकडे तालुक्यागणिक सापडतात. नोकरीत असेपर्यंत ती शोभून दिसतात. कूलर, सतरंज्या, लोखंडी कपाटं, जीपचे टायर, रोपवाटिकेतल्या काळ्या पिशव्या, जे घ्यायचं असेल त्याची तीन दरपत्रकं येतात. त्यांचा तुलनात्मक तक्ता होतो. ज्याचा दर सर्वांत कमी तो एल-वन. एल-वनच्या नावापुढे बरोबरची खूण, खाली आपली सही, तिच्याखाली साहेबांची. वस्तू दारात येऊन पडते, आणि ती कोणी निवडली असं कोणी विचारलंच तर बोट दाखवायला माणूस नसतो, तक्ता असतो. या पद्धतीवर लोक पुष्कळ हसतात. मला ती फार दयाळू वाटते. निवड करण्याचा त्रास तिने कितीतरी सज्जनांना उभ्या नोकरीत होऊ दिलेला नाही.

पंचाईत होते ती निवृत्तीनंतर.

आमचे भाऊजी या जातीचे. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. नाव सांगत नाही, कारण वाचणाऱ्याला आपापल्या गावातलं एक नाव आठवलेलंच असेल. वनखात्यातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले आणि गडचिरोलीत स्वतःच्या घरी राहू लागले. निरोपसमारंभात सगळेच काहीतरी जाहीर करतात. कोणी शेती करणार असतो, कोणी नर्मदा परिक्रमा. भाऊजी म्हणाले, मी जिल्ह्याचा इतिहास लिहिणार. टाळ्या पडल्या. त्या अगदीच फुकट नव्हत्या, कारण या विषयावर भाऊजींचा हक्क होता. ते जन्मले तेव्हा जिल्ह्याचं नाव चांदा होतं. १९६४ साली ते चंद्रपूर झालं. नोकरीला लागून थोडे दिवस होतात न होतात तोच, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. बदलीचा आदेश न निघता ज्याचा जिल्हा दोनदा बदलला, त्याला इतिहासात रस वाटणं साहजिक आहे.

इतिहासाची सुरुवात कुठून करायची हेही ठरलेलं होतं. चांदा जिल्ह्याचं १९०९ सालचं इंग्रजी गॅझेटियर. त्याची पीडीएफ कोणीतरी पेन ड्राइव्हवर आणून दिली होती. जुन्या पुस्तकाचं पान न् पान फोटो काढून साठवलेलं, त्यामुळे फाईल वजनदार, पानं पिवळट, आणि मधूनच कुण्या ग्रंथालयाचा शिक्का. एकदा हे वाचून काढलं की लिहायला बसायचं, असा बेत होता.

नेमकं त्याच सुमाराला, एप्रिल २०१४ मध्ये, विंडोज एक्सपीचा पाठिंबा कंपनीने काढून घेतला. भाऊजींचा संगणक एक्सपीवर चाले आणि त्याहून नवं काही पेलण्याइतका दम त्यात नव्हता. चंद्रपूरला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा दिवाळीत आला, त्याने त्यावर लिनक्स मिंट घालून दिलं. ‘मामा, लायसन नाही, व्हायरस नाही, पैसा नाही.’ भाऊजींना तीनही मुद्दे पटले. तिसऱ्याने जास्त समाधान झालं.

त्यांनी गॅझेटियरवर दोनदा टिचकी मारली. फाईल उघडली. पहिलं पान दिसलं. दुसरा कोणी असता तर वाचायला लागला असता. भाऊजींनी ती बंद केली आणि ‘ही कोणी उघडली?’ अशी चौकशी आरंभली. उजवी टिचकी मारली की ‘अमुक वापरून उघडा’ अशी यादी निघते हे भाच्याने दाखवलं होतं. यादीत एकच नाव होतं. एकच दरपत्रक! भाऊजींच्या अंगावर काटा आला असावा. त्यांनी प्रोग्रॅम घ्यायचं दुकान उघडलं आणि शोधात पीडीएफ लिहिलं.

त्या संध्याकाळी मला चंद्रपूरला फोन आला.

‘बापू, हे लय होऊन राहिले ना जी. एव्हिन्स आहे, ऑक्युलर आहे, अट्रिल आहे, क्यूपीडीएफव्ह्यू आहे, म्यूपीडीएफ आहे, झाथुरा म्हणून एक आहे. एक्सपीडीएफ तं १९९५ पासून आहे म्हणते.’

‘मग घ्या ना त्यातला एक.’

‘घेतला असता. पण दर पाहिले का? सगळ्यांचा शून्य आहे. मंग एल-वन कोन?’

हा प्रश्न मी हसण्यावारी नेला. नंतर जेवताना लक्षात आलं की प्रश्न चोख आहे. किंमत हा आपला सगळ्यांचा आडोसा असतो. अमुक गाडी का घेतली, तर बसली खिशाला. तमुक शाळा का, तर फी परवडली. आपल्याला नक्की काय आवडतं हे कळण्याची वेळ किंमत येऊच देत नाही. आणि इथे जगभरच्या कुण्या अनोळखी लोकांनी रात्री जागून सातआठ वस्तू बनवून फुकट मांडून ठेवल्या होत्या, आणि ते एका मुख्य लिपिकाला म्हणत होते, तुम्हाला हवी ती घ्या. हवी ती म्हणजे कोणती, हे भाऊजींना उभ्या जन्मात कोणी विचारलेलं नव्हतं. ताईचं स्थळसुद्धा त्यांच्या काकांनी तीन स्थळं पाहून नक्की केलेलं.

दराचा रकाना निकामी झाल्यावर बाकीचे रकाने वाढले. तक्ता आधी वहीत होता, मग स्प्रेडशीटमध्ये गेला. उघडायला लागणारा वेळ. शंभरावं पान चटकन येतं का. छपाई. रात्री काळ्यावर पांढरं दिसतं का. मराठी शोधता येतं का. शेवटी अर्थातच ‘शेरा’. शेऱ्याच्या रकान्यात भाऊजींची नोकरीतली धार टिकून होती. अट्रिलपुढे लिहिलं होतं, ‘वर्तणूक चांगली, पुढाकार नाही.’ म्यूपीडीएफपुढे, ‘कामाला जलद. बटणे नाहीत.’ चाचणीची फाईल प्रत्येक वेळी तीच: गॅझेटियर. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये ती उघडायची, पहिली चारपाच पानं खालीवर करायची, मोठी-लहान करायची, बंद करायची. त्यामुळे जिल्ह्याच्या सीमा भाऊजींना मुखोद्गत झाल्या. पश्चिमेला वर्धा, पुढे प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, आग्नेयेला इंद्रावती, हे ते झोपेत सांगतील. सीमेच्या आत काय आहे तिथपर्यंत मात्र कोणताच प्रोग्रॅम टिकला नाही.

मिंटमध्ये पुढे एक्सरीडर आला, २०१६ साली. हा अट्रिलपासून निघालेला, अट्रिल एव्हिन्सपासून. भाऊजींना स्वतःच्या खापरपणजोबांचं नाव आठवत नाही, पण ही वंशावळ ते चहाच्या पहिल्या घोटाला सुरू करत आणि कप रिकामा होईपर्यंत संपू देत नसत. तिच्या मुळाशी त्यांना एक दिवस पॉपलर भेटला. पीडीएफ वाचून तिचं चित्र पडद्यावर काढणं हे खरं काम या पॉपलरचं. एक्सपीडीएफच्या पोटातूनच तो २००५ साली वेगळा झाला, आणि एव्हिन्स, अट्रिल, एक्सरीडर, ऑक्युलर, क्यूपीडीएफव्ह्यू असे सगळे त्याच्याच जिवावर चालतात. बाहेर पाच पाट्या, आत एकच खानावळ. कचेरीत तीन दरपत्रकं तीन लेटरहेडांवर, पण एकाच हस्ताक्षरात आलेली भाऊजींनी पाहिली होती; ते मला खासगीत म्हणाले, ‘हे प्रकरन मले ओळखीचं वाटून राहिलं.’ (पॉपलर हे नाव फ्युचरामा नावाच्या अमेरिकन कार्टून मालिकेतल्या एका खाद्यपदार्थावरून ठेवलेलं आहे. हे मी त्यांना सांगितलं नाही. शेऱ्यात गेलं असतं.)

खरी परीक्षा मराठीची होती. शासन निर्णयाची एक फाईल घेऊन भाऊजींनी शोधाच्या चौकटीत ‘गडचिरोली’ टाइप केलं. डोळ्यांसमोर चौथ्या ओळीत ठळक अक्षरांत गडचिरोली लिहिलेलं, आणि प्रोग्रॅम म्हणतो, सापडलं नाही. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. यामागचं कारण तसं सरळ आहे. पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रं असतात, आणि पहिली वेलांटी बोलण्यात व्यंजनाच्या मागून येत असली तरी कागदावर त्याच्या आधी काढली जाते. फाईल बनवताना काळजी घेतली नसेल तर ‘चि’मधली वेलांटी ‘च’च्या अलीकडे जाऊन बसते आणि शब्द मोडतो. त्याहून जुन्या फाईली तर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत असतात. त्यातून मजकूर उचलला की रोमन अक्षरांची गिचमीड हाती येते. दोष फाईलीतच, वाचणाऱ्याने काय करावं? मी हे समजावून सांगत होतो, तेवढ्यात भाऊजींनी सहज ‘नागपूर’ टाइप केलं. नागपूरला ना वेलांटी पहिली, ना जोडाक्षर. ते तात्काळ सापडलं, अकरा ठिकाणी.

भाऊजी खुर्चीत मागे टेकले. ‘पाहा,’ ते म्हणाले, ‘इथंही तेच.’

ऑक्युलरचं प्रकरण जास्त दिवस चाललं. तो केडीई नावाच्या वेगळ्या डेस्कटॉपच्या घरचा, मिंटवर एकटा येत नाही. त्याच्या मागून केडीईच्या लायब्रऱ्यांची रांग उतरून घ्यावी लागते. पावसाळा होता. भामरागडला पर्लकोटा पुलावरून वाहून संपर्क तुटल्याच्या बातम्या चालू होत्या आणि गडचिरोलीतही नेटवर्क येऊनजाऊन होतं. भाऊजी रात्रभर एका टक्क्यावरून दुसऱ्या टक्क्यावर गेले. पहाटे ऑक्युलर उभा राहिला. त्यात पिवळा हायलाइटर आहे आणि समासात टिपण लिहिता येतं हे पाहून त्यांना नोकरी परत मिळाल्यासारखं झालं. ग्रामसभांच्या नियमांची एक फाईल त्यांनी पानोपानी पिवळी केली, समासात ‘कृपया पाहावे’, ‘चर्चा करावी’ असे शेरे मारले आणि भाच्याला पाठवली. भाचा म्हणाला, कोरी आहे. तेव्हाच्या ऑक्युलरमध्ये ‘नव्या नावाने जतन करा’ असं वेगळं सांगितलं नाही तर टिपणं फाईलीत जात नसत, लिहिणाऱ्याच्याच संगणकात एका कोपऱ्यात राहत. म्हणजे फाईल पुढे सरकली आणि शेरे घरी राहिले. अशी सोय कचेरीत असती तर किती जणांच्या चौकश्या टळल्या असत्या, यावर भाऊजी बराच वेळ बोलले.

मग २०२२ साली बातमी आली की ऑक्युलरला जर्मनीचं ‘ब्लू एंजल’ हे पर्यावरणाचं चिन्ह मिळालं; संगणकाच्या प्रोग्रॅमला ते मिळण्याची ही पहिलीच वेळ. वीज कमी खातो, जुन्या यंत्रावर चालतो म्हणून. वनखात्याच्या माणसाला आणखी काय पाहिजे? आता तक्ता मिटणार असं आम्हाला वाटलं. पण सेटिंग पाहता पाहता त्यांना एक चौकोन दिसला. फाईल बनवणाऱ्याने घातलेले निर्बंध, म्हणजे छापू नका, मजकूर उचलू नका वगैरे, पाळायचे की नाही ते या चौकोनात खूण करून सांगायचं. भाऊजी अस्वस्थ झाले. नियम पाळायचा की नाही, हे नियम ज्याला लागू त्यालाच विचारायचं? त्यांनी खूण केली, काढली, पुन्हा केली. शेरा पडला: ‘पर्यावरण उत्तम. शिस्तीबाबत संदिग्ध.’

झाथुराचे दिवस ताई विसरणार नाही. झाथुराला मेनू नाही, बटणं नाहीत. जे दाबलं की खाली, के दाबलं की वर. भाऊजींना दोनतीन आठवडे त्याची नशा चढली होती; माउस कपाटात ठेवून दिला होता. ताईला लाइटबिल छापायचं होतं. तिने फाईल उघडली तर नुसतं बिल, भोवती काही नाही.

‘अजी, प्रिंट कुठून देऊ?’

‘कोलन टाक, मंग प्रिंट लिही, मंग एंटर.’ आतून आवाज.

‘मले बिल भराचं आहे, परीक्षा नाही द्याची,’ असं म्हणून ताईने ते बिल मोबाइलवरून भरून टाकलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस पोरांचा वर्ग सांभाळलेली बाई आहे, प्रत्येक पोराशी वाद घालत बसली असती तर निवृत्त कशी झाली असती?

एवढं सगळं करताना भाऊजींच्या मनातला खरा नवरदेव वेगळाच होता: अ‍ॅडोबी रीडर. पीडीएफ ज्यांनी १९९३ साली काढली त्यांचाच. कंपनी, नाव, पत्ता, उद्या तक्रार करायची झाली तर कोणाकडे करायची ते ठाऊक. पण लिनक्ससाठीची त्याची शेवटची आवृत्ती २०१३ची, ९.५.५, पुढे कंपनीने लिनक्सचा नादच सोडला. भाऊजी तिला ‘आमच्या बॅचची’ म्हणत. तिची उणीव त्यांना सगळ्यात जास्त जाणवली ती शेजाऱ्याच्या ई-आधारपायी. एका बँकेतल्या साहेबांना फाईलीवरच्या सहीच्या चौकटीत हिरवी खूण हवी होती आणि भाऊजींच्या यंत्रावर तिथे पिवळं प्रश्नचिन्ह होतं. ते चिन्ह म्हणजे फाईलीत आधीच ठेवलेलं चित्र. अ‍ॅडोबी सही तपासतो आणि पटली की ते चित्र बदलून हिरवी खूण दाखवतो. बाकीचे आहे ते चित्र दाखवतात. ऑक्युलर सही तपासतो, निकाल वेगळ्या पट्टीवर नीट सांगतो, पण चौकटीतल्या चित्राला हात लावत नाही. भाऊजींनी साहेबांना हे तांत्रिक टिपण लिहून दिलं, दोन पानी, मुद्दे अ ते ऊ. साहेबांनी विचारलं, हिरवी खूण आहे का? नाही. मग शेजारी समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेला, वीस रुपयांत हिरवा होऊन आला.

आणि तरीही गावोगावचे लोक भाऊजींकडेच येतात. कागद न उघडणं ही या जिल्ह्यात किरकोळ अडचण नाही. वनहक्काचा दावा, नकाशा, ठराव, वाहतूक परवाना, तेंदूचा लिलाव, धानाची नोंदणी, सगळं कधीतरी पीडीएफ होऊन मोबाइलवर येतं. धानोऱ्याच्या रस्त्यावर मेंढा-लेखा आहे. तिथल्या ग्रामसभेला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात सर्वांत आधी मिळालेल्यांपैकी एक. २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तकही गावाच्या हाती आलं. पण त्याआधी कितीतरी वर्षं तिथे अभ्यासगट बसत होता. कायदा एकाने वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा, अडला की थांबायचं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं त्यामुळे सगळ्यांना ठाऊक झाली. त्या रस्त्याने जाताना भाऊजी मान लववतात. मनापासून. मग पिशवीतला लॅपटॉप नीट आहे ना ते चाचपतात.

तर त्याच तालुक्यातलं एक गाव. तिथल्या लोकांनी धान उत्पादकांची कंपनी काढली होती आणि केंद्र सरकारच्या एका खात्याचा अर्ज पीडीएफ म्हणून आला होता. मी त्या दिवशी सोबत होतो. समाजमंदिरात सतरंजी, मधोमध लॅपटॉप, भोवती पंधरावीस माणसं. भाऊजींनी अर्ज उघडला. पडद्यावर कोऱ्या पानावर दोनचार ओळी इंग्रजी.

‘काय म्हनते जी?’ एका म्हाताऱ्याने विचारलं.

‘थांबा म्हनते.’

सगळे थांबले. पाच मिनिटं गेली. कोणी खर्रा काढला, कोणी चहाचं पाहायला उठलं. पुन्हा कोणीतरी विचारलं, ‘किती वेळ थांबाचं?’ भाऊजी म्हणाले, ‘ते लिहिलं नाही.’ कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. सरकारी कागद थांबा म्हणतो, किती ते सांगत नाही. यात नवीन काय?

तो अर्ज एक्सएफए नावाच्या जातीचा होता. ज्या प्रोग्रॅमला ती जात कळत नाही त्याला आतला अर्ज दिसतच नाही, फक्त वरचं वेष्टण दिसतं, आणि वेष्टणावर छापलेलं असतं, कृपया थांबा. कल्पांतापर्यंत थांबलं तरी ते तसंच राहणार. भाऊजींना हे कळायला वेळ लागला नाही. आणि मग मी जे पाहिलं ते पाहण्यासारखं होतं. हा माणूस खुलला. त्याने एक्सरीडर उघडला: थांबा. ऑक्युलर: थांबा. म्यूपीडीएफ, ज्याचं इंजिन पॉपलरपेक्षा वेगळं: थांबा. झाथुरा: थांबा, आणि बटणं नाहीत. प्रत्येकाचं वैशिष्ट्य सांगत, वंशावळ सांगत, त्याने अख्ख्या गावाला सगळी दरपत्रकं दाखवली. लोक रंगून ऐकत होते. झाडीपट्टीच्या नाटकांवर वाढलेला मुलूख, प्रवेश लांबला म्हणून इथे कोणी उठून जात नाही.

बारावीतली एक मुलगी दाराशी उभी होती. ती म्हणाली, ‘काका, फायरफॉक्समध्ये ओढून टाका ना.’

ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडणं भाऊजींना नियमबाह्य वाटतं. तक्त्यात फायरफॉक्सला रकाना नाही. पण गाव बघत होतं. त्यांनी फाईल ओढून टाकली आणि अर्ज दिसला, चौकटींसकट, स्पष्ट. २०२१ सालच्या ऑक्टोबरपासून फायरफॉक्स ही जात ओळखतो. लोकांनी मुलीकडे पाहिलं. भाऊजींचा चेहरा उतरला. मग त्यांनी चौकटी भरल्या आणि शेवटचं ‘तपासा’ हे बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. नाहीच. फायरफॉक्स असले अर्ज दाखवतो, त्यांच्या आतला हिशेब चालवत नाही. भाऊजींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिला समाधान हाच शब्द आहे. अर्ज शेवटी गडचिरोलीला जाऊन विंडोजवरच भरला. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, ‘बापू, कोनीच पात्र नाही ठरलं. फेरनिविदा.’

तरी वयाने माणूस थकतो. मागच्या वर्षी भाच्याने त्यांना नवा लॅपटॉप दिला, त्यावर ग्नोम नावाचा डेस्कटॉप. भाऊजींनी तक्ता पुढ्यात घेतला आणि जाहीर केलं की एव्हिन्स. मूळ पुरुष, साधा, शांत, कोणत्याही फंदात नसलेला. ताईने पेढे नाही, पण सांबारवडी केली. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्नोमची ४९ वी आवृत्ती आली आणि तिने एव्हिन्सला सेवानिवृत्त करून त्याच्या जागी पेपर्स नावाचा नवा गडी बसवला. एव्हिन्सचाच वंशज, पण नवा. आम्हाला धास्ती वाटली की भाऊजी खचतील. छे! दुसऱ्या दिवशी सकाळी कूलर ओढून टेबलाजवळ घेतलेला, तक्त्यात नवी ओळ, आणि मला फोन: ‘बापू, हा तं सहीपन करते म्हनते.’ आवाजात दहा वर्षं कमी झाली होती.

गेल्या महिन्यात मी मूल-सावलीवरून, वैनगंगा ओलांडून त्यांच्याकडे गेलो. रात्री पाटवडीचा रस्सा होता. जेवताना भाऊजी पेपर्समध्ये गॅझेटियर कसं उघडतं ते सांगत होते आणि ओघात नेहमीप्रमाणे चारही सीमा फिरून आले. मी सहज विचारलं, ‘भाऊजी, गडचिरोली तहसील कधी झाली हो?’

‘ते पुढं असंल,’ भाऊजी म्हणाले. ‘तिथपर्यंत अजून चाचनी नाही झाली.’

‘१९०५,’ ताई भात वाढत म्हणाली. ‘ब्रह्मपुरी आन् चांदा तहसिलीतल्या जमीनदाऱ्या काढून केली. सिरोंचा तं त्याच्या आधीच आला, १८७४ ले, अप्पर गोदावरी जिल्हा मोडला तवा.’

भाऊजींचा घास हातात राहिला. ‘तुले कसं माहीत?’

‘तुमीच तं पाठवली होती व्हाट्सअ‍ॅपवर, उघडते का पाहाले. उघडली. मंग दुपारी दुपारी वाचली.’

‘पुरी?’

‘मागचे तक्ते सोडले.’

मला वाटलं, आता भाऊजी काही विचारतील. जमीनदाऱ्या कोणाच्या होत्या, किती होत्या, इतिहासाचं पहिलं प्रकरण इथूनच सुरू करावं का. भाऊजींनी पाण्याचा घोट घेतला.

‘कशात उघडली?’

‘कशात म्हनजे? मोबाइलमध्ये.’

‘मोबाइलमध्ये कशात?’

‘मले काय माहीत जी. बोट ठेवलं, उघडली. रस्सा घ्या, गार होऊन राहिला.’

भाऊजींनी रस्सा घेतला, हात धुतले, लॅपटॉप उघडला आणि तक्त्याच्या तळाशी एक ओळ वाढवली. दर: शून्य. उघडण्यास लागणारा वेळ: बोट ठेवेपर्यंत. शंभरावं पान: येतं, पुढचीही येतात. नावाचा रकाना रिकामा आहे. ताईचा मोबाइल मागून पाहिला असता कळलं असतं, पण तो चार्जिंगला होता आणि ती त्यावर आता दुसरंच काही वाचत होती.